जुनं आधी

२ मार्च

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही, ते दाराच्या फटीतून आपलं आपण आत येतं. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी तक्रार वाच. तक्रार गंभीर आहे.

मी कित्येक वर्षांत कुरकुरीत बिस्किट खाल्लेलं नाही.

हसू नकोस. पन्नाशी उलटलेल्या बाईचं आयुष्याकडे फार मोठं मागणं नसतं. चहा गरम असावा, चप्पल जिथे काढली तिथे सापडावी, आणि बिस्किट चहात बुडवण्याआधी तरी कडक असावं. आपल्या घरचं बिस्किट बुडवावं लागत नाही, ते मुळात बुडून आल्यासारखंच असतं. आज दुपारी मी एक उचललं आणि ते माझ्या हातात, काडीचा आवाज न करता, मधोमध वाकलं. मोडलं नाही, वाकलं. इतकी नम्रता मी आमच्या ऑफिसातसुद्धा फक्त पगारवाढीच्या महिन्यात बघते.

कारण तुला ठाऊक आहे. जुनं आधी. बाबांनी कारखान्याच्या भांडारात हयात घालवली. नवा माल आला की मागच्या रांगेत, मागणी आली की पुढच्या रांगेतून. तिथे ते शोभून दिसत होतं, कारण तिथे नटबोल्ट होते आणि नटबोल्ट मऊ पडत नाहीत. निवृत्तीनंतर ते भांडार घरी आलं. तू गेल्यावर तुझ्या खोलीत गेलं. आता तिथे छतापर्यंत फळ्या आहेत. तांदूळ, डाळी, मीठ, साखर, चहा, साबण, मेणबत्त्या, काड्यापेट्या, बॅटऱ्या, औषधं. वाईट दिवस येणार आहेत, आणि ते आले की आपण कुणापुढे हात पसरायचा नाही. ताजं ते सगळं वाईट दिवसांसाठी मागे आणि चांगल्या दिवसांत आपण पुढचं शिळं खायचं, असा हा सुखाचा संसार.

तू असताना नव्हती अशी एक सुधारणा झाली आहे. दुकानातली पुडी, खोकं, बाटली आता घरात टिकत नाही. बाबांनी एकसारखे चौकोनी प्लॅस्टिकचे डबे आणलेत, एकावर एक नीट बसणारे. आलेला माल त्यांत ओतायचा, वर पट्टी चिकटवायची, पट्टीवर तारीख. मिठापासून सुयांपर्यंत, तापाच्या गोळ्यांपासून छातीच्या गोळ्यांपर्यंत. फळी बघितली की सैन्य उभं असल्यासारखं वाटतं.

छातीच्या गोळ्यांचं सहज लिहून गेले. त्यात काही नाही. जिभेखाली ठेवायच्या असतात, त्या वयाच्या सगळ्यांनाच डॉक्टर देतात. बाबा बरे आहेत. जिना चढताना मधे थांबून भिंतीचा रंग बघतात, इतकंच. आपल्या जिन्याची भिंत इतकी बघण्यासारखी कधी झाली, कोण जाणे.

खालच्या मजल्यावर आता एक सलूनवाली बाई राहते. पुढच्या खोलीत आरसा आणि खुर्ची, मागच्या खोलीत संसार. बाबांनी तिचं नाव ‘आजचं-आज’ ठेवलंय, कारण ती रोज संध्याकाळी बाहेर पडते आणि दोन अंडी, एक कांदा, पावाचा अर्धा पुडा असं घेऊन येते. बाबा गॅलरीतून तिची पिशवी बघतात आणि त्यांचा रक्तदाब वाढतो. “उद्या दुकान उघडलं नाही तर काय खाणार ही? कंगवे?” मला ती ‘पोरी’ म्हणते. या वयात मला पोरी म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मी तिला धरून आहे.

दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर तिच्याकडे दाढी करतो. तो रोज पूल ओलांडून तुमच्या बाजूला जातो, तोच हे पत्र टाकेल. उत्तर नको. मी विमा कंपनीत दिवसभर लोकांच्या तक्रारींना ‘खेद वाटतो’ असं उत्तर लिहिते. तू तेवढेही कष्ट घेऊ नकोस.

धाकटी


११ मार्च

ताई,

पुडा मिळाला. आत चिठ्ठी होती की नाही मला माहीत नाही, कारण तो अजून उघडलेला नाही. ड्रायव्हर तो घेऊन वर आला तेव्हा दार बाबांनी उघडलं. मी म्हटलं, “थोरलीने पाठवलाय.” त्यांनी पुडा उलटा केला, सुलटा केला, कानाशी नेऊन हळूच हलवला. पट्टी काढली, तारीख टाकली आणि पुडा आत नेऊन सगळ्यात मागच्या रांगेत ठेवला. एवढं मात्र खरं की डब्यात ओतला नाही. पुड्यासकट ठेवला.

“निदान आज तरी,” मी म्हटलं.

“अजून त्याचा नंबर नाही,” बाबा म्हणाले.

तेव्हा तुझी बिस्किटं कुरकुरीत आहेत हे मला कागदाबाहेरून ऐकून माहीत आहे.

एकदाचे वाईट दिवस आले. तुमच्या बाजूला कसं आहे कळत नाही. इकडे आधी संप झाला, मग बाजारात जाळपोळ, मग संचारबंदी. वीज सकाळी थोडा वेळ. पाणी एक दिवसाआड. दुकानं तासभर उघडतात आणि त्या तासात जे मिळतं त्याला दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगतो. पूल बंद. पुलावरून फक्त दुधाचा टँकर आणि रुग्णवाहिका सोडतात. फोन मेलेत, त्यामुळे तू उचलत नाहीस याचं दुःख सध्या नाही.

पण बाबा. ताई, तू त्यांना बघायला हवं होतंस. माणूस उजळून निघालाय. इतकी वर्षं बिल्डिंग त्यांना हसली, आता तीच बिल्डिंग दारात उभी राहते आणि सल्ला विचारते. ते खुर्ची टाकून बसतात. पाणी कसं साठवायचं, तर झाकून, तोटीच्या पिंपात, आणि आत हात किंवा भांडं बुडवायचं नाही. घरातल्या लहानमोठ्या प्रत्येकाला अंधारात चाचपडत गॅस बंद करता आला पाहिजे. काड्यापेटी एकाच जागी. औषधं आधी, अन्न नंतर, कारण भूक थांबते, आजार थांबत नाही. त्यांचं सगळं बरोबर असतं, तोच तर त्यांचा त्रास आहे. वरच्या मजल्यावरचा बँकवाला, जो यांना ‘प्रलयवाले काका’ म्हणायचा, तो परवा तांब्याभर डाळ घेऊन गेला आणि जाताना वाकून नमस्कार केला. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

देतात ते सगळ्यांना. पण पुढच्या रांगेतलं.

काल सलूनवाली मेणबत्ती मागायला वर आली. बाबांनी तिला वीसेक मिनिटं उभं करून दूरदृष्टी या विषयावर सांगितलं. ती दाराला टेकून ऐकत होती. टेकून अशासाठी की तिलाही जिना झेपत नाही. मग बाबांनी मेणबत्ती दिली. कुठल्याशा उन्हाळ्यात ती वितळून पार धनुष्य झालेली.

“साहेब, ही वाकलीय,” ती म्हणाली.

“वाकली असली तरी उजेड सरळ पडतो.”

“बरं बाई. उद्या उसनं परत करते.”

“राहू दे,” बाबा म्हणाले. “या घराने कधी कुणाकडून उसनं घेतलं नाही. आणि दिलेलं परत मागितलं नाही.”

त्या वाक्यावर ते रात्रीपर्यंत खूश होते. गच्चीची टाकी किती भरली ते बघायला गेले नाहीत, मला पाठवलं. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाले, नाही, नवीन चष्म्याने उतरताना पायऱ्या नीट दिसत नाहीत. टाकी गच्चीवर आहे, ताई. जिना चढावा लागतो, उतरावा नाही. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वर आणि खाली यांत गल्लत केली आणि मी ती दुरुस्त केली नाही.

धाकटी


१९ मार्च

ताई,

हे पत्र गमतीचं नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. थोडक्यात लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळ.

काल दुपारी, दुकानं उघडायच्या तासात, बाबा स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे सारखे करत होते. मी बाहेर तांदूळ निवडत होते. डबा पडल्याचा आवाज आला. आत गेले तर ते फळीला धरून उभे, तोंड राखेसारखं, कपाळावरून घाम. बोटाने गोळ्यांचा डबा दाखवला. मी गोळी दिली. जिभेखाली धरली. काही नाही. थांबून दुसरी दिली. काही नाही. मी डब्यावरची पट्टी वाचत राहिले, जशी काही त्या पट्टीवर पुढची सूचना लिहिलेली असेल. मग धावत खाली गेले.

सलूनच्या खुर्चीत कोपऱ्यावरचे डॉक्टर बसले होते. अर्धे केस कापून झालेले, गळ्याला चादर. ते तसेच वर आले, चादरीसकट. सलूनवालीने कात्र्यांच्या ड्रॉवरमधून एक तपकिरी काचेची कुपी काढली आणि माझ्यामागून एकेक पायरी चढत आली. तिलाही तेच दुखणं आहे, ते मला काल कळलं. इतके दिवस मला वाटायचं की तिला जिना वयामुळे झेपत नाही.

तिची गोळी डॉक्टरांनी बाबांच्या जिभेखाली ठेवली. थोड्या वेळाने बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “चुणचुणली.”

डॉक्टरांनी बाबांच्या डब्यातल्या गोळ्या तळहातावर घेतल्या. विचारलं, ह्या त्यांच्या मूळ बाटलीतून कुणी काढल्या? ही गोळी तिच्या स्वतःच्या काचेच्या कुपीतच राहावी लागते, घट्ट बुचात, थंड जागी. हवा लागली, ऊब लागली, प्लॅस्टिकमध्ये पडून राहिली, की हिच्यातला जीव उडून जातो, मग ती जिभेखाली चुणचुणत नाही. दिसायला गोळी तीच राहते. “हा खडू आहे साहेब,” डॉक्टर म्हणाले. “पट्टीवर नाव तेवढं औषधाचं.”

बाबा छताकडे बघत होते. मग म्हणाले, “बरेच महिने चुणचुणत नव्हती.”

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“भांडारातल्या मालाबद्दल,” बाबा म्हणाले आणि दम घेतला, “भांडारपालानेच शंका घ्यायची?”

त्यावर सलूनवालीने चादर डॉक्टरांच्या गळ्यातून सोडवली आणि जोरात झटकली. आपल्या घरभर डॉक्टरांचे केस झाले. तिला काहीतरी करायचं होतं, एवढंच.

गोळीने दुखणं आवरतं, बरं होत नाही. डॉक्टर म्हणतात, पुलापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेल्याशिवाय भागणार नाही, आणि लवकर. इकडून गाडी सोडत नाहीत. डॉक्टर स्वतः पुलावरच्या चौकीपर्यंत गेले, अर्ध्या कापलेल्या डोक्याने. शिपायाने ओळखपत्र बघितलं, डोकं बघितलं आणि परत पाठवलं. पलीकडच्या दवाखान्याने मागणी केली तरच रुग्णवाहिका इकडे येऊ शकते.

तेव्हा तू जा. दवाखान्यात जाऊन आपला पत्ता दे, वडील आहेत म्हणून सांग. पत्ता तुला पाठ आहे. आणि गाडीत तूही बस. बाबांनी असं सांगितलेलं नाही, हे मी सांगते आहे. त्यांना सांगता आलं असतं तर गेली सहा वर्षं मी एकटीने मऊ बिस्किटं खाल्ली नसती.

ड्रायव्हर सकाळी येईल तेव्हा हे देते.

धाकटी


२४ मार्च

ताई,

टँकर येत नाही. तेव्हापासून आलाच नाही. दूधही बंद. मागचं पत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर मिठाच्या डब्याखाली आहे, आता हेही त्याच्या शेजारी जाईल. औषधाच्या दुकानात त्या गोळ्या संपल्यात. नवा माल पलीकडून यायचा असतो.

इकडची व्यवस्था अशी झाली आहे. कुपीतल्या गोळ्या वाटून घेता येत नाहीत, काढल्या की त्यांचा खडू होतो. कुपी एकच, छात्या दोन. सलूनवाली म्हणाली, कुपी वर राहू दे, साहेबांना जास्त लागते. मला लागली तर मी खालून झाडूच्या दांड्याने छताला ठोकेन, तू घेऊन ये. त्याप्रमाणे तिचं दोनदा ठोकून झालंय.

कुपी घ्यायला बाबा तयार नव्हते. “या घराने कधी उसनं—”

“मग मेणबत्तीच्या बदल्यात घ्या,” ती म्हणाली.

“ती मेणबत्ती वाकलेली होती.”

“तुम्हीच म्हणालात ना, उजेड सरळ पडतो?”

बाबांनी मान भिंतीकडे वळवली. हसताना कुणी बघू नये म्हणून ते तसं करतात, तुला माहीत आहे. पण मग मला म्हणाले, “हे उसनं आहे. लक्षात ठेव. परत द्यायचंय.”

आता दिवसभर ते पलंगावर बसून जमिनीकडे कान लावून असतात. कात्री पडली, खुर्ची सरकली, ती खोकली, सगळं मला सांगतात. “आज अजून तिने चूल पेटवली नाही.” “आज तिच्याकडे कुणी आलं नाही.” मी तिला जेवायला वर बोलवायला लागले. ती आजचं आज जेवते आणि आम्ही पाच वर्षांपूर्वीचं, पण ताट एकच. भाताला पोत्याचा वास येतो, असं तिने तोंडावर सांगितलं. बाबा म्हणाले, “पोतं चांगल्या प्रतीचं होतं.”

काल संध्याकाळी बाबा एकदम म्हणाले, “थोरलीचा पुडा आण.”

मी म्हटलं, “अजून त्याचा नंबर नाही.”

“माझा आलाय,” ते म्हणाले.

मी मागच्या रांगेत हात घातला. पुडा आणला, बाबांनी पट्टी नीट सोडवून बाजूला ठेवली आणि कागद फाडला. आत चिठ्ठी नव्हती. आम्ही तिघांनी एकेक घेतलं. बाबांनी चहाशिवाय कोरडंच तोंडात घातलं. आवाज झाला. त्या शांत खोलीत तो एवढा मोठा वाटला की सलूनवालीने दचकून छातीवर हात ठेवला. बाबा बराच वेळ चावत होते. मग म्हणाले, “असं असतं होय.”

अंधार पडल्यावर विचारलं, “तिला कळवलंस?”

“कळवलंय,” मी म्हटलं. त्यांना पलंगावरून स्वयंपाकघरातलं टेबल दिसतं, त्यावरचा मिठाचा डबा दिसतो आणि त्याखालचा कागदही. “बरं केलंस,” ते म्हणाले.

धाकटी


३१ मार्च

ताई,

परवा फोन लागला आणि तू तो उचललास. तू विचारलंस, बाबा शेवटी काय म्हणाले, आणि मी ‘काही नाही’ म्हटलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. इथे लिहिते.

तू रविवारी येते आहेस. पूल उघडलाय, ड्रायव्हर उद्या सकाळी निघेल, तेव्हा ही तिन्ही पत्रं एकत्र पाठवते. जुनं आधी वाच. या घरचा नियम पत्रांच्या बाबतीत बरोबर आहे. उलट्या क्रमाने वाचलीस तर शेवटी गाडी पाठव म्हणणारी मी उरेन आणि तुला वाटेल की अजून वेळ आहे.

तो दिवस चांगला गेला होता. दुपारी बाबांनी कुपी मागितली, कानाशी धरून हलवली. आधी ती भरून वाजायची, आता बाळाच्या खुळखुळ्यासारखी एखाद-दुसराच दाणा वाजत होता. त्यांनी विचारलं, “खालची माझ्यापेक्षा लहान असेल ना?”

“असेल की आठदहा वर्षांनी.”

“हं,” ते म्हणाले. “मग नियम सरळ आहे.”

कुठला नियम, ते मी विचारलं नाही. या घरात नियम एकच आहे. तरी मला कळलं नाही. मी भात गॅसवर ठेवला होता आणि माझं लक्ष तिकडे होतं.

दिवे लागायच्या वेळेला ते म्हणाले, “ती ठोकतेय. कुपी घेऊन जा.”

“मला तर ऐकू आलं नाही.”

“तुला कधी ऐकू येतं? मी दिवसभर ऐकतोय, मला कळतं. जा. आणि तिला बरं वाटेपर्यंत खालीच थांब.”

“तुम्हाला काही होत नाही ना?”

“मला काय धाड भरलीय? जा.”

मी खाली गेले. ती आरशासमोरची जमीन झाडत होती. झाडू तिच्या हातात होता, पण फडा जमिनीवर टेकलेला होता. मला बघून म्हणाली, “अगं पोरी, मी कुठे ठोकलं?”

आम्ही दोघी वर आलो. ती सगळा जिना न थांबता चढली, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. ते भिंतीला टेकून बसले होते. चष्मा काढून शेजारी ठेवलेला, काड्या मिटून.

डॉक्टर म्हणाले, गोळी दिली असती तरी त्या दिवशी उपयोग झालाच असता असं नाही. नसताही झाला. विमा कंपनीत आम्ही असंच लिहितो, त्यामुळे मला ते वाक्य लगेच पटलं आणि अजिबात पटलं नाही. कुपीत दोन गोळ्या होत्या. त्यातली एक सलूनवालीला दुसऱ्या दिवशी सकाळी लागली. आता ती ठीक आहे. माझ्याशी फारसं बोलत नाही. तिला वाटतं, तिने ठोकायची पद्धत काढली नसती तर त्यांना खोटं बोलता आलं नसतं. मी तिला म्हटलं, ते दुसरी पद्धत काढून खोटं बोलले असते. भांडारपाल होते. माल कुणाला द्यायचा ते त्यांनी एकदा ठरवलं की कुणी बदलू शकत नसे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

यावरून त्या साबणाचं लिहायलाच हवं. आपण त्याचं नाव कधी काढत नाही. शेवटच्या आजारात आईने वासाचा नवीन साबण मागितला होता. बाबांनी पुढच्या रांगेतला दिला, ज्याला वास म्हणून नव्हता. तू आत जाऊन मागच्या रांगेतला काढलास आणि आईसमोर त्याचा कागद फाडायला घेतलास. बाबांनी तो तुझ्या हातातून काढून परत जागेवर ठेवला. म्हणाले, रांग मोडायची नाही. आई तशीच गेली आणि मग तूही गेलीस.

काल मी फळ्या उतरवायला घेतल्या. बिल्डिंगमधल्या ज्याला जे हवं ते घेऊन जाऊ दे, म्हणून. साबणाची फळी ओढली. सहा वर्षांत त्या फळीवरचे सगळे साबण बदललेत, आम्ही वापरून संपवलेत, नवे आलेत. तो मात्र भिंतीला चिकटून, सगळ्यात मागे, जिथल्या तिथे आहे. एका कोपऱ्यात कागद फाटलेला, तुझ्या नखाने. पट्टी नाही. तारीख नाही. दर वेळी नवा माल लावताना त्यांनी तो उचलून पुन्हा मागे ठेवला असणार. त्याचा नंबर त्यांनी कधी येऊच दिला नाही.

मी फाटलेल्या कोपऱ्याला नाक लावून बघितलं. थोडा वास आहे. तो मी वाटला नाही. तुझ्या खोलीत फळीवर एकटाच ठेवलाय. तू आलीस की काय करायचं ते तू ठरव.

आज औषधाचं दुकान पूर्ण वेळ उघडलं. पुलावरून माल आला होता. रांग कोपऱ्यापर्यंत. माझ्यापुढे बँकवाला होता. तो म्हणाला, “तुम्हाला कशाला रांग? तुमच्याकडे तर सगळं असतं.” मी म्हटलं, “एक वस्तू कमी पडली.” त्याचा नंबर आला तेव्हा त्याने बाजूला होऊन मला पुढे घातलं. मी त्या तपकिरी काचेच्या दोन कुप्या मागितल्या, मग एकच घेतली.

सलूनमध्ये ती कुणाचे तरी केस कापत होती. आरशातून तिने मला बघितलं, हातातली कुपी बघितली आणि पुन्हा कात्री चालवू लागली. “घाई नव्हती, पोरी,” ती आरशाला म्हणाली.

“उसनं होतं,” मी म्हटलं.

घरी नेऊन आधी पट्टी चिकटवावी, असं जिन्यात क्षणभर माझ्या हाताला वाटलं होतं. मी तसं केलं नाही. बूच उघडलं नाही, तारीख टाकली नाही. ड्रॉवर ओढला, कुपी कात्र्यांच्या शेजारी उभी ठेवली आणि ड्रॉवर पुन्हा लावून घेतला.

धाकटी